घोड्याची मान पाहा

महोदय,

जुहूच्या वाळूवर किंवा वरातीत घोडा दिसला की लोक त्याचे पाय पाहतात. पाहायला हवी ती मान. घोड्याला कॉलरबोन नसते. छाती दोन फऱ्यांमध्ये (खांद्याच्या हाडांमध्ये) स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते आणि उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर येते. जड डोके आणि लांब मान हलवूनच तो तोल साधतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. हे ओळखायला दुडकी चालच (ट्रॉट) हवी, कारण तिच्यात तिरपे पाय जोडीने पडतात आणि दोन्ही ठोके सारखे ऐकू यायला हवेत. जमीन सपाट, कठीण असावी (वाळूत फसगत होते) आणि लगाम सैल. आखडून धरला की खूण लपते.

नालबंदी चार ते सहा आठवड्यांनी व्हायलाच हवी. खुराचे टोक वाढले की पाय उचलायला उशीर होतो, पायामागच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) ताण येतो. दुडकीत मान अशी वर-खाली होताना दिसली तर त्या घोड्यावर मुलांना बसवू नका. घोडेवाल्याला तिथेच सांगा.

– अश्वचिकित्सेतील काही वाचक, मुंबई