पिल्लाआधी त्याची जागा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. घरात कासवाचं पिल्लू आलंय हे वाचून फार आनंद झाला, पण शेवटच्या ओळीतला तुझा घोर लगेच कळला: "दिवसभर मातीत तोंड खुपसून बसतं, आजारी तर नसेल ना?" आधी त्याचंच उत्तर देतो. हर्मन जातीचं, म्हणजे दक्षिण युरोपातल्या जमिनीवरच्या कासवाचं, एवढंसं पिल्लू दिवसाचा बराचसा वेळ दडूनच काढतं. मोकळ्यावर पक्षी, उंदीर, कोल्हे सगळेच त्याच्यावर टपलेले असतात आणि कवच अजून इतकं कोवळं असतं की त्याचा फारसा आधार नसतो. सकाळी बाहेर येऊन अंग शेकतंय, खातंय आणि मग पुन्हा गुडूप होतंय ना? मग ते ठणठणीत आहे. उकरून वर काढू नकोस.

त्याचे लाड कसे करायचे, असं तू विचारलंयस. माझं ठाम मत सांगतो. कासवाच्या पिल्लासाठी जे काही करायचं, ते त्याच्या जागेसाठी करायचं. जवळ घेणं, कुरवाळणं, खोलीभर फिरवणं यातलं त्याला काहीही नको असतं. त्याला अंगची ऊब नसते. पचन, हालचाल, रोगाशी झुंजणं, सगळं आसपासच्या तापमानावर चालतं. गारठलेल्या पिल्लाने खाल्लं तरी ते पचत नाही, पोटात पडून राहतं. म्हणून पेटी नीट लागली की निम्म्याहून जास्त काम झालं.

पेटीच्या एका टोकाला उष्णता देणारा दिवा लाव आणि त्याखाली एक सपाट दगड ठेव. दगडावर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस यायला हवेत. दुसऱ्या टोकाला २० ते २४ पुरे. कुठे बसायचं ते त्याचं त्याला कळतं, आपण फक्त दोन्ही टोकं उपलब्ध ठेवायची. हात लावून अंदाज घेऊ नकोस, थर्मामीटर घे. दिवे साधारण बारा तास चालू आणि रात्री बंद. रात्री खोली थोडी गार झाली तरी या जातीला चालतं, उलट दिवस-रात्रीतला तो फरक हवाच असतो.

आता यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण. इथे बहुतेकांची गल्लत होते. अन्नातलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कासवाच्या कातडीत यूव्हीबी किरणांनी तयार होतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कितीही लख्ख असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही, कारण काच ते किरण जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब वेगळी लागते, तीही ऊब देणाऱ्या दिव्याशेजारी, म्हणजे शेकताना दोन्ही मिळतात. ट्यूबवर बसवल्याची तारीख लिहून ठेव. उजेड तसाच दिसत राहतो, पण आतलं यूव्हीबी हळूहळू आटत जातं. बनवणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीत, म्हणजे बहुधा सहा महिने ते वर्षभरात, ती बदलावी लागते. ट्यूब किती उंचीवर लावायची तेही त्याच कागदावर असतं. मध्ये काच किंवा प्लास्टिक नको.

तू लिहिलंयस की पेटीत कोरडी वाळू पसरलीये, कारण कासव कोरड्या मुलखातलं. ती वाळू आजच काढ. हा समज फार जुना आहे आणि पिल्लांना फार महागात पडतो. मोठी कासवं कोरड्या टेकड्यांवर फिरताना दिसतात हे खरं, पण पिल्लं गवताच्या बुंध्याशी, पालापाचोळ्याखाली, जिथे ओल टिकते तिथे राहतात. कवचावरचा एकेक खवला शंकूसारखा वर आलेली कासवं तू फोटोत पाहिली असशील, त्याला पिरॅमिडिंग म्हणतात. पूर्वी सगळा दोष जास्त प्रथिनांना दिला जायचा. व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुलकाटा या आफ्रिकेतल्या कासवाची पिल्लं वेगवेगळ्या ओलाव्यात आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवून पाहिली. २००३ साली तो अभ्यास छापून आला. कोरड्या हवेतल्या पिल्लांची पाठ स्पष्टपणे जास्त ओबडधोबड झाली होती, प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. आणि एकदा वर आलेला उंचवटा पुन्हा बसत नाही. म्हणून या पहिल्या दोन-तीन वर्षांबद्दल मी एवढा जीव तोडून लिहितोय.

मग तळाला काय घालायचं? खत किंवा औषध न घातलेली साधी माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून किमान १० सेंटीमीटरचा थर दे, म्हणजे त्याला पूर्ण पुरून घेता येईल. पाणी वरून शिंपडत बसण्यापेक्षा कोपऱ्यांतून ओत. ते खाली उतरतं, तळ ओला राहतो आणि वरचा पापुद्रा कोरडा. थंड बाजूला एक अंधारी लपायची जागा कर, तिच्यात ओलसर मॉस भर. हायग्रोमीटरवर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर, ६० ते ८० टक्के दिसले की छान. मात्र ओल आणि गारठा एकत्र आले की छाती भरते, तेव्हा ओलावा वाढवलास की तापमानावर जास्त लक्ष दे.

रोजचा दिवस अगदी सरळ आहे. सकाळी टायमरने दिवे लागतात. थोडं शेकून झालं की त्याला कोमट पाण्यात बसव, पंधरा-वीस मिनिटं. पाणी वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंतच, मान सहज वर राहिली पाहिजे. एवढ्या लहान पिल्लाला रोज बसवावं. घाई करू नकोस, तिथेच बसून बघ. आधी ते काठाशी धडपडतं, मग थांबतं, मान लांब करून नाक-तोंड पाण्यात बुडवतं आणि गळ्याखालची कातडी लयीत वर-खाली व्हायला लागते. ते पाणी पितंय! थोड्या वेळाने पाण्यात पांढरट, मऊ लगद्यासारखं काही सोडलं तर घाबरू नकोस, तो युरिक आम्लाचा भाग असतो. मऊ असेल तर उत्तम, रवाळ, खरखरीत लागलं तर पाणी कमी पडतंय. पुसून त्याला दगडाजवळ सोड.

मग खाणं. पालेभाज्यांच्या मागे लागू नकोस, याला तण हवं. डँडेलियन नावाच्या तणाची पानं-फुलं, प्लँटॅगो हे रुंद पानांचं तण, तुतीची आणि जास्वंदीची पानं, जास्वंदीचं फूल. जितके प्रकार बदलशील तितकं चांगलं, पण फवारणी झालेल्या जागेवरचं एक पानही नको. पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं, म्हणून तो रोजच्या खाण्यात नको. फळं या जातीच्या पोटाला सोसत नाहीत. कुत्र्या-मांजराचं खाणं तर मुळीच नको. आठवड्यातून दोन-तीनदा पानांवर कॅल्शियमची चिमूटभर पूड टाक आणि कटलबोनचा (कटलफिश या समुद्री प्राण्याच्या आतल्या चुनखडी कवचाचा) तुकडा कायम पेटीत राहू दे, हवं तेव्हा ते स्वतः कुरतडतं. पानं खरखरीत फरशीच्या तुकड्यावर ठेव, चोच आपोआप झिजते आणि माती पोटात जात नाही. उथळ बशीत पाणी कायम असू दे, ते रोज बदल, कारण ते त्यातच शी करणार.

यानंतर त्याला त्याच्यावर सोडून दे. संध्याकाळी एकदा बघायचं, उलटं पडलं असेल तर सरळ करायचं, उरलेली पानं काढायची, दिवे गेले की संपलं. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिही. नुसत्या डोळ्यांना जे महिनाभर दिसत नाही ते वहीत दिसतं. खवल्यांच्या कडेला फिकट, नवी रेघ उमटलेली दिसली की वाढ सुरू आहे.

काळजी कधी करायची तेही लिहितो. डोळे सुजून मिटलेले, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, दाबल्यावर आत जाणारं कवच किंवा तापमान बरोबर असूनही खाणं सुटलेलं. यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नकोस, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे ने. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतो, त्यामुळे खोकून छाती मोकळी करणं त्याला जमत नाही, आणि साधी सर्दीही लवकर फुप्फुसात उतरते. पहिल्या हिवाळ्यात त्याला शीतनिद्रेत घालायचं की नाही, हेही याच डॉक्टरांना वजनाची वही दाखवून ठरव.

छकुलीला सांग, पाठ म्हणजे नुसती ढाल नाही. पाठीचा कणा आणि बरगड्या त्या कवचातच जुळलेल्या असतात, तिला स्पर्श कळतो. रंगवायची नाही, तेल लावायचं नाही. आणि हात लावला की साबणाने धुवायचे, कारण धडधाकट कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. अमेरिकेत ४ इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून बंदी आहे, ती याच कारणाने. सोबतीला दुसरं आणायचा विचार तर काढूनच टाक. ही एकटी राहणारी जात आहे, जोडीतलं एक दुसऱ्याला ढुशा देऊन, खाणं अडवून हळूहळू खंगवतं.

पिल्लू रानातून पकडलेलं नसून पाळीव पैदाशीतलं असल्याचा कागद मात्र जपून ठेव. ही जात सायटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते आणि कासव नीट सांभाळलं तर पन्नास वर्षंही जगतं, तो कागद पुढे कधीतरी लागेल.

वाळू काढलीस की कळव आणि पहिल्या चार आठवड्यांची वजनं पाठव. दिव्यांचा एक फोटोही, पट्टी धरून काढलेला, म्हणजे उंची मला कळेल.

तुझाच,
जुना मित्र

ता. क. पेटी काचेची असेल तर बाहेरून खालच्या भागाला जाड कागद चिकटव. काच ही भिंत आहे हे त्याला कळत नाही. पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर तिच्यावर आपटत, ओरबाडत राहतं आणि थकतं.