जुने मीटर भंगारात घालू नका

महोदय,

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मीटर तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. आमच्याकडे एक जुना व्होल्टमीटर होता. लाकडी पेटी, काट्याखाली आरशाची पट्टी. काट्याने आरशातले आपले प्रतिबिंब झाकले की मगच आकडा वाचायचा, हे वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी शिकवले.

हातात उचलून नेता येतील असे अचूक मीटर घडवणारा एडवर्ड वेस्टन आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक नाही, याचे फार वाईट वाटते. जन्म इंग्लंडमधला, १८५० चा. शिकला वैद्यकी, पण विशीत अमेरिका गाठली आणि धातूंना मुलामा देण्याच्या कामाला लागला. तापमान बदलले की तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) बदलतो आणि मीटर चुकीचे दाखवते, ही खरी अडचण होती. त्याने तांबे, मँगनीज आणि निकेलचा असा मिश्रधातू शोधला, की त्याचा रोध जवळपास हलतच नाही. हेच मँगनिन. शंटमध्ये, म्हणजे मोठा प्रवाह मोजण्यासाठी मीटरला समांतर जोडायच्या कमी रोधाच्या पट्टीत, आजही वापरतात! वेस्टनचा १८९३ चा, स्थिर दाब देणारा कॅडमियम सेल (सुमारे १.०१८ व्होल्ट) १९११ पासून १९९० पर्यंत व्होल्टचे आंतरराष्ट्रीय प्रमाण होता आणि त्यावरचे पेटंट हक्क त्याने सोडून दिले.

नाशकात स्विचगिअरचे (वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांचे) इतके कारखाने, इतकी तंत्रनिकेतने आहेत. जुने मीटर भंगारवाल्याला देण्याआधी त्यातले एखादे तरी उघडून मुलांच्या हाती द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त तंत्रज्ञ, सिडको, नाशिक