दुरुस्तीचा हक्क मिस्त्रीपर्यंत पोहोचू द्या

महोदय,
माझी परदेशी बनावटीची जुनी आलिशान एसयूव्ही आंबा घाट अशी चढते की मागे बसलेल्या आईची डुलकी मोडत नाही. म्हणूनच घरचे ‘विकून टाक’ म्हणत असताना ती अजून दारात आहे. पण ते एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी तोलून धरणारे हवेचे रबरी फुगे! सकाळी पाहावं तर मागची डावी बाजू म्हशीसारखी बसलेली. आमच्या मिस्त्रीने रबरी फुग्यावर साबणाचं पाणी मारलं, रबराच्या घडीत बुडबुडे आले, निदान झालं. गळती भरून काढताना फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो. सर्व्हिस सेंटर मात्र एक फुगा बदलेना; अख्खा संचच घ्या म्हणे. सुटा भाग बाहेरून आणला, तर गाडीची उंची सेट करायचं सॉफ्टवेअर मिस्त्रीकडे नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी, म्हणजे वस्तू कंपनीबाहेरही दुरुस्त करून घेता यावी म्हणून, समिती नेमली, पोर्टलही काढलं. त्यात वाहनंही आहेत. पण मॅन्युअल, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजला देण्याची सक्ती कुठे आहे? उलट १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचं शुल्क मोटारींना ६०० वरून ५,००० रुपये झालं, आयात मोटारींना तर ४०,०००. हौसेला मोल नसतं, कबूल, शुल्कही भरू. पण दुरुस्तीच्या माहितीची सक्ती करणारा कायदा सरकारने आणावा, आणि त्यात जुन्या गाड्या वगळू नयेत.

– एक वाचक, कोल्हापूर