पंप घेऊ नकोस

पोर्टलंड, ओरेगन
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

तयार अर्काचे डबे आता पुरे, यापुढे मॉल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, दाण्यापासून बिअर करायची, असं तू ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. पण सोबतची पंप, स्टीलचं स्टँड आणि कंट्रोलरची यादी पाहिली आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो. पंप घेऊ नकोस. निदान पहिलं वर्षभर तरी नाही. तुझ्या मागच्या अंगणात उतारावर ती दगडी भिंत आहे ना, तिच्या भरवशावर सगळं काम होतं.

सुट्टीत तुमच्या मळ्यात आपण दारं धरायचो, आठवतं? एक वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून त्याचं दार बंद करायचं, पुढचं उघडायचं. पाणी घाईने सोडलं की बांध फुटायचा आणि आजोबांचा आवाज विहिरीपासून ऐकू यायचा. मी महिन्यातून एकदा इथे तेच करतो. हातात खोऱ्याऐवजी व्हॉल्व्ह असतो, एवढाच फरक.

मांडणी तीन पायऱ्यांची. सगळ्यात वर गरम पाण्याचं पातेलं, मध्ये भरडलेलं मॉल्ट भिजवायचा कूलर, खाली उकळायचं मोठं पातेलं. वरच्या भांड्याची तोटी खालच्या भांड्याच्या काठापेक्षा उंच हवी. बाकी पाण्याला शिकवावं लागत नाही.

कूलर म्हणजे बांधकामावर मजुरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी ठेवतात तो नारिंगी, गोल, 10 गॅलनचा. तासाभरात आतलं तापमान जेमतेम एखाद अंशाने उतरतं, म्हणून याच्याइतकं सोयीचं भांडं दुसरं नाही. त्याची प्लास्टिकची तोटी काढून बॉल व्हॉल्व्ह बसव. गाळणी विकत आणू नकोस. सिंकखालच्या नळाला जोडतात ती स्टीलच्या जाळीची लवचीक नळी आण, दोन्ही टोकं काप, आतली रबरी नळी ओढून काढ. उरलेल्या जाळीचं एक टोक दुमडून घट्ट दाब, दुसरं क्लॅम्पने व्हॉल्व्हला आतून बसव. नळी घेताना नीट बघ, काहींची जाळी नुसती स्टीलसारखी दिसते, असते प्लास्टिकची.

आता हिशेब. 5 गॅलन, म्हणजे साधारण 19 लिटर बिअरसाठी मी साडेचार किलो मॉल्ट घेतो. त्यावर 74 अंशांचं साडेबारा लिटर पाणी ओतलं की मिश्रण 67 च्या आसपास स्थिरावतं. तासभर झाकून ठेवायचं. याच वेळात मॉल्टमधली पाचकद्रव्यं स्टार्चची साखर करतात. 65 च्या खाली राहिलास तर बिअर हलकी, कोरडी होते. 69 कडे गेलास तर अंगाने भरीव. झालं की नाही याची शंका आली तर बशीत थेंबभर रस घेऊन त्यात आयोडीन टाक. निळा-काळा रंग आला तर स्टार्च अजून शिल्लक आहे. दाणे किलोमागे लिटरभर पाणी पिऊन बसतात, म्हणून पहिल्या धारेत फक्त आठेक लिटर रस येईल. उरलेली गोडी धुऊन काढायला वरून आणखी 17 लिटर लागतं, 76 अंशांचं. त्याहून फार गरम नको, नाहीतर सालींचा तुरटपणा उतरतो.

या धुण्यातच सगळी कला आहे. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात. ते हळूच परत वर ओत. चोथ्याचा थर स्वतःच गाळणी बनतो आणि मग धार निवळते. त्यानंतर वरून जेवढं येतं तेवढंच खाली जायला हवं. मिनिटाला अर्धा लिटर धर, चोथ्यावर दोन बोटं पाणी कायम राहू दे. पाऊण-एक तास लागतो. पंपवाले नेमकी इथेच घाई करतात.

आणि एक गोष्ट मला उशिरा समजली. कूलरपासून खालच्या पातेल्यापर्यंत लांब नळी सोडली आणि ती रसाने पूर्ण भरली, की तो खाली जाणारा स्तंभ वरच्या चोथ्याला ओढतो. थर दबतो, लापशीसारखा घट्ट होतो आणि धार थांबते. माझं हे दोनदा झालं. मग आजोबा सांगायचे ते थारोळं आठवलं. मोटेचं पाणी धाडकन पाटात पडत नसे, आधी थारोळ्यात पडे आणि तिथून शांतपणे पुढे जाई. मी मध्ये एक छोटं स्टीलचं पातेलं ठेवलं, कूलरची आखूड नळी त्यात आणि त्याच्या तोटीतून पुढे खाली. ओढ तुटली. तेव्हापासून धार अडलेली नाही. गव्हाचं मॉल्ट जास्त असेल तर मूठ-दोन मूठ भाताची तुसंही मिसळ, गव्हाला साल नसते.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहितोय ते. गरम पाणी उचलायचं नाही. पहिल्या वर्षी मी ते खाली तापवायचो आणि हाताने वर नेऊन ठेवायचो. 17 लिटर पाणी आणि पातेलं मिळून 20 किलोच्या घरात. एका सकाळी ओल्या पायरीवरून घसरलो. डावं पाऊल महिनाभर बांधलेलं होतं. मुलगी तेव्हा अंगणातच खेळत होती, चार हातांवर. ते आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो. तुझ्या दोन्ही मुली लहान आहेत आणि तुझ्या खांद्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही. पाणी थंड असतानाच तांब्या-तांब्याने वर ने आणि तिथेच तापव. भिंतीमागच्या जमिनीवर काँक्रीटची फरशी टाकून बर्नर त्यावर ठेव. लाकडी डेकवर अजिबात नको. ओहायोच्या थंडीत गॅरेजमध्ये करायचा मोह होईल, पण प्रोपेन तिथे पेटवू नकोस, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उकळी, हॉप्स (कडवटपणासाठी टाकतो ती फुलं), तांब्याच्या नळीने थंड करणं हे तुला येतंच. फक्त चौथ्या पायरीसाठी जागा ठेव, ती सगळे विसरतात. उकळायचं पातेलं थेट जमिनीवर ठेवलंस तर थंड झालेला रस फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, उतरायला उंची उरत नाही. ते काँक्रीटच्या ठोकळ्यांवर हातभर उंच घे.

वहिनींना सांग, कायद्याची काळजी नको. राष्ट्राध्यक्ष कार्टरनी 1978 मध्ये कायद्यावर सही केली तेव्हापासून दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलनपर्यंत करमाफ मुभा आहे, विकायची तेवढी नाही. चोथा मी शेजारच्या कोंबड्यांना देतो, तुझ्याकडे बागेच्या खतात जाईल.

उद्या टेप घेऊन त्या भिंतीची उंची मोज, वरपासून आणि मधल्या टप्प्यापासूनही, आणि कळव. नळ्या मी इथे कापून पाठवतो, सिलिकॉनची गुंडाळी शिल्लक आहे. पहिल्या वेळी सकाळी व्हिडिओवर मी सोबत असेन.

तुझा,
शाळेच्या बाकावरचा शेजारी