मिरजेच्या काकांना, एका चिठ्ठीबद्दल

काका, नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण गप्प बसणं काही जमत नाहीये.

आजोबांनी चांदीचे पाच रुपये पुठ्ठ्यावर सेलोटेप मारून ठेवलेले. टेप पिवळी पडून सुटायला लागली आणि चिकट थर सगळा नाण्यावरच राहिला, बोट लावलं की बोटाला येणारा, वर धूळ बसून काळा झालेला. नाणी साफ करायला तुमच्याकडे यायच्या आधी मी एका सराफाकडे गेले होते. त्यांनी विचारलंसुद्धा नाही, १८६२चा राणीछाप उचलला आणि थेट मशीनवर पॉलिश! दोन मिनिटांत चकचकीत करून वर "बघा, नवा कोरा" म्हणून हसले. राणीच्या केसांच्या बारीक रेघा गेल्या त्या गेल्याच, आणि त्याचे पैसे पण घेतले हां. दुसऱ्या एकाने टूथपेस्टने घास सांगितलं, मावसभावाने नेलपॉलिश रिमूव्हर. त्यात तेल आणि सेंट असतो, त्याचा थर नाण्यावर बसतो हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं.

तुम्ही शुद्ध अॅसिटोन, म्हणजे गोंद सोडवणारं पण पटकन पेट घेणारं ते द्रव, काचेच्या वाटीत काढलंत, खिडकी उघडलीत, गॅस बंद आहे ना बघून आलात, ते सगळं ठीकच. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं. १९०६च्या एडवर्डवाल्या रुपयावर, तो बिनमुकुटाचा टकल्या राजा, टेपखाली कागदाचा एक चतकोर तुकडा अडकलेला. मी म्हटलं असू दे काका, कचरा आहे. तुम्ही चष्मा वर करून वाचलंत, "बाईनं मुंजीत भिक्षावळीत घातला." आणि मला विचारलंत, हे अक्षर कुणाचं गं?

आजोबांचं. बाई म्हणजे त्यांची आई. इतकी वर्षं तो पुठ्ठा कपाटात होता आणि आमच्यापैकी कुणी ते वाचलंच नव्हतं हो.

बॉलपेनची शाई आहे, अॅसिटोनमध्ये जाईल सगळी, असं म्हणून तुम्ही वाटी बाजूला सारलीत आणि ब्लेडने आधी नुसती ती चिठ्ठी सोडवत बसलात, नाण्याला पातं लागू न देता, चहा गार झाला तरी. मगच नाणं बुडवलंत. गोंद फुगून दुधावरच्या सायीसारखा सुटला, कुठे घासलं नाही की काही नाही. मी विचारलं हा काळपटपणा राहिला की, तर म्हणालात तो गोंदाचा नाही, चांदीचा आहे, राहू दे त्याला. टेप होती तिथे एक फिकट पट्टा अजून दिसतो. मला तो आवडतो आता.

ज्याला धंदा आहे त्याने न विचारता मशीन लावलं आणि ज्याला एक पैसा मिळणार नव्हता त्याने दुसऱ्याच्या आजोबांचं अक्षर वाचवलं. अशी माणसं आहेत अजून, एवढंच मी आईला फोनवर सांगत होते आणि पुढे मला बोलताच येईना.

उरलेली तीन नाणी घेऊन रविवारी येते. पैसे घेत नाही म्हणालात ते ठीक, पण आईने दिलेल्या चकल्या संपवा. डबा मात्र परत द्या, तो आजीचा आहे.