थायरॉइडच्या त्या चार ओळींसाठी

प्रिय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

कॅन्सर कुठवर पसरलाय हे पाहायला पेट-सीटी (शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर शरीरात कुठे जास्त ओढली जाते, ती जागा चमकवून दाखवणारा स्कॅन) करावा आणि ध्यानीमनी नसताना त्यात थायरॉइड चमकावं, असं शंभरात एखाद्‌-दुसऱ्या पेशंटच्या बाबतीत होतं. अशा वेळी ‘थायरॉइडमध्ये अपटेक, पुढील तपासणी करावी’ एवढंच लिहिलेलं असलं, की घरचे हादरतात आणि सुई नेमकी कुठे घालायची हे आम्हा सायटॉलॉजीवाल्यांना, म्हणजे पेशी तपासणाऱ्यांना, कळत नाही. तुमच्या रिपोर्टात थायरॉइडबद्दल ज्या चार ओळी असतात, त्यांचे आभार मानायला हे पत्र.

चमक एकाच ठिकाणी आहे की सगळ्या ग्रंथीभर, हे तुम्ही सर्वांत आधी लिहिता. ग्रंथीभर असेल तर बहुतेक वेळा थायरॉइडायटिस, म्हणजे ग्रंथीची सूज असते. इम्युनोथेरपीनेही ती येते. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) पाहा, सोनोग्राफीत गाठ नसेल तर सुई नको, असं तुम्ही स्पष्ट सांगता. केमोने आधीच थकलेल्या माणसाची एक टोचणी त्यामुळे वाचते. एकाच ठिकाणी असेल तर मात्र साधारण तीनांत एक कॅन्सर निघतो, म्हणून सोनोग्राफी आणि गाठ १ सेंमी किंवा मोठी असेल तर एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणं). एसयूव्हीच्या, म्हणजे चमक किती जोरात आहे त्याच्या, आकड्यावरून गाठ साधी की वाईट हे ठरवू नका, हेही तुम्ही आवर्जून लिहिता. ते फार गरजेचं आहे, कारण हर्थल पेशींची (थायरॉइडमधल्या एका प्रकारच्या पेशींची) साधी गाठसुद्धा जोरात चमकते.

‘उजवा लोब, खालचं टोक, मागची बाजू, १.४ सेंमी.’ अशा ओळीची किंमत चार-पाच गाठी असलेल्या गळ्यापाशी बसल्यावर कळते. नाहीतर सुई सगळ्यांत मोठ्या गाठीत जाते, चमकणारी गाठ तशीच राहते आणि ‘साधी गाठ’ असा रिपोर्ट हातात पडतो.

पेशंट रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असेल तर तेही तुम्ही कळवता. थायरॉइडमध्ये रक्तपुरवठा भरपूर. २५ गेजची बारीक सुई घेऊन काही सेकंदांत बाहेर काढली तरी कधी स्लाइडवर रक्तच जास्त येतं. किमान दहा-दहा पेशींचे सहा पुंजके मिळाले नाहीत तर नमुना अपुरा, आणि बुऱ्हाणपूर-खरगोनच्या माणसाला इंदूरला पुन्हा हेलपाटा.

मूळ कॅन्सर कोणता हे तुमच्या चिठ्ठीत असतंच, म्हणून आम्ही सेल ब्लॉकसाठी (मेणात बसवलेल्या पेशींच्या ठोकळ्यासाठी, ज्यावर पुढचे स्टेन करता येतात) आधीच जास्तीचा नमुना घेतो. थायरॉइडमधली गाठ किडनीच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरचीही असू शकते. किडनीचा असेल तर पॅक्स-८ वर विसंबता येत नाही, फुप्फुसाचा असेल तर टीटीएफ-१ वर; पेशी ओळखायच्या या खुणा थायरॉइडच्या पेशींतही दिसतात. तिथे थायरोग्लोब्युलिनचा, म्हणजे थायरॉइडच्याच पेशींत बनणाऱ्या प्रथिनाचा, स्टेन लागतो.

सगळ्यांत मोठे आभार ‘मूळ आजाराचे उपचार थांबवू नयेत’ या वाक्याचे. थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर बहुधा सावकाश वाढतो. मूळ आजार पुढच्या टप्प्यात असेल तर थायरॉइड थांबू शकतं, केमोची तारीख नाही.

एक विनंती आहे. स्कॅनच्या वेळी शिरेतून कॉन्ट्रास्ट दिलं होतं का, तेही लिहाल का? टीएसएच कमी आला तर टेक्नेशियम स्कॅन (गाठ जास्त हार्मोन बनवते का ते दाखवणारा) लागतो, आणि कॉन्ट्रास्टमधल्या आयोडीनमुळे तो काही आठवडे नीट येत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सायटॉलॉजी विभागातील सहकारी, इंदूर