तक्रार: डीव्हीडीतून काढलेला आवाज तुटका, स्वर उतरलेला, आणि पडद्यावर मात्र ‘काम यशस्वी’

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
डीव्हीडी प्लेअर व ऑडिओ रूपांतर सॉफ्टवेअर विभाग

प्रेषक: दृक्‌श्राव्य संग्रह समिती, महाल, नागपूर

विषय: सशुल्क परवान्याच्या सॉफ्टवेअरमधील गंभीर दोष, त्यांची दुरुस्ती किंवा पूर्ण परतावा मिळणेबाबत

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून आम्ही या सॉफ्टवेअरचा परवाना पैसे भरून घेतला. पावती सोबत जोडली आहे. विक्रीच्या पानावर तीन दावे ठळक अक्षरांत आहेत: डीव्हीडी विंडोज ११ वर थेट चालेल, आवाज ‘मूळ दर्जात’ निघेल आणि ओरखडे पडलेली डिस्कही वाचली जाईल. तिन्ही बाबतींत सॉफ्टवेअर कमी पडते. त्याहून गंभीर गोष्ट ही, की ते चुकल्यावरही गप्प राहते आणि हिरव्या पट्टीवर ‘काम यशस्वी’ दाखवते. संग्रहाचे काम करणाऱ्यांना उघड अपयश चालते. डिस्क बाजूला ठेवून दुसरा उपाय करता येतो. गुपचूप बिघडलेली फाइल मात्र चांगली समजून जपली जाते आणि मूळ डिस्क कपाटात जाते.

आधी डिस्कबद्दल, कारण आपल्या मदत विभागाने प्रत्येक उत्तरात कॉपी-संरक्षणाचाच मुद्दा काढला आहे. या सर्व डीव्हीडी आमच्या नोंदणीकृत संस्थेने स्वतः चित्रित करवून घेतलेल्या शास्त्रीय गायन-वादनाच्या कार्यक्रमांच्या आहेत. बरेचसे कार्यक्रम सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहातले आहेत. हक्क संस्थेचे आहेत आणि या कामातून आम्हाला काही उत्पन्न नाही. डिस्क घरगुती डीव्हीडी-आर प्रकारच्या, ४.७ जीबीच्या. त्यांवर सीएसएस संरक्षण (नक्कल रोखणारे कुलूप) नाही, रिजन कोडचे (ठरावीक देशांतच डिस्क चालण्याचे) बंधनही नाही. याच डिस्क व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये कोणतीही खटपट न करता चालतात. तरीही आपले सॉफ्टवेअर काहींवर ‘संरक्षित डिस्क’ असा संदेश देऊन थांबते. कारण आम्ही शोधले. त्या डिस्कवरची आयएफओ फाइल (कोणता भाग कोठे आहे आणि कोणत्या क्रमाने चालवायचा हे सांगणारी) नीट वाचली जात नाही. अशा वेळेसाठीच डीव्हीडीवर तिची प्रत बीयूपी नावाने, मुद्दाम थोड्या अंतरावर ठेवलेली असते, म्हणजे एका जागी ओरखडा पडला तरी दुसरी वाचता यावी. आपले सॉफ्टवेअर बीयूपीकडे जातच नाही आणि वाचनदोषाला संरक्षणाचे नाव देते. ग्राहकाला त्यातून जणू तो चोरीची डिस्क लावतो आहे असा अर्थ लागतो. हा संदेश आम्हाला अपमानकारक वाटला.

आता मुख्य दोष: आवाजाचे सांधे.

डीव्हीडीवरच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी फाइली (चित्र आणि आवाज असलेल्या) प्रत्येकी साधारण १ जीबीवर तोडलेल्या असतात. पूर्ण भरलेल्या ४.७ जीबीच्या डिस्कवर एकच कार्यक्रम असेल तर व्हीटीएस_०१_१ पासून व्हीटीएस_०१_५ पर्यंत पाच फाइली होतात, म्हणजे चार सांधे. शेवटी शून्य असलेली व्हीटीएस_०१_० ही मेनूची फाइल. ती यात धरायची नसते. ही तोड केवळ फाइलच्या आकारासाठी आहे. आवाजाच्या फ्रेमशी, म्हणजे आवाज ज्या छोट्या तुकड्यांत साठवतात त्यांच्याशी, तिचा काही संबंध नाही. आमच्या बहुतेक डिस्कवरचा आवाज १९२ केबीपीएसचा एसी-३ (डॉल्बीच्या दाबलेल्या स्वरूपातला) स्टीरिओ आहे. त्याची एक फ्रेम ७६८ बाइटची, १,५३६ सॅम्पलची (ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या नोंदींची), ४८ किलोहर्ट्झला ३२ मिलिसेकंदांची. डीव्हीडीचा एक पॅक, म्हणजे माहितीचा गठ्ठा, २,०४८ बाइटचा. त्यात दोन फ्रेम पुऱ्या बसतात आणि तिसरीचा उरलेला भाग पुढच्या पॅकमध्ये जातो. म्हणून व्हीओबीच्या हद्दीवर फ्रेम अर्धी इकडे, अर्धी तिकडे पडणे हे नेहमीचेच आहे.

आपले सॉफ्टवेअर प्रत्येक व्हीओबी स्वतंत्र उघडते, वेगळी एमपी३ बनवते आणि शेवटी त्या एमपी३ एकामागे एक चिकटवते. यात दुहेरी नुकसान होते. हद्दीवरची अर्धी फ्रेम दोन्ही बाजूंनी टाकून दिली जाते. शिवाय एमपी३ एन्कोडर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता घालतो आणि शेवटचा तुकडा १,१५२ सॅम्पलपर्यंत भरून काढतो. विलंबित ख्यालात मागे तानपुरा अखंड चालू असताना अशी फट लपत नाही, ‘टक्’ असा आवाज स्पष्ट येतो. दोन तासांच्या डिस्कवर तो साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने येतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये तरंग मोठा करून पाहिला की सांध्यावरची सपाट रेघ दिसते. अशी चित्रे सोबत दिली आहेत.

हे टाळणे अवघड नाही. फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर कॉपी आज्ञेला बी हा पर्याय देऊन व्हीओबी क्रमाने बायनरी पद्धतीने जोडाव्यात आणि त्या एकसंध फाइलमधला पहिला आवाजाचा प्रवाह एफएफएमपेग या मोफत साधनाने पुन्हा एन्कोड न करता, जशाच्या तशा उतरवण्याच्या पर्यायाने काढावा. सांधा ऐकू येत नाही, कारण अर्ध्या फ्रेम परत एकमेकींना मिळतात. एका डिस्कवर अनेक शीर्षके किंवा अदलाबदल केलेला क्रम असेल तर नुसती जोड पुरत नाही, आयएफओमधला क्रम वाचावा लागतो. डीव्हीडी उतरवून घेणारे मेकएमकेव्ही हे साधन तो वाचते. एफएफएमपेगमध्येही ७.० या आवृत्तीपासून डीव्हीडी थेट वाचण्याची सोय आली आहे, फक्त ती समाविष्ट केलेली बांधणी हवी. मोफत साधनांना जमते ते सशुल्क सॉफ्टवेअरकडून मागणे वावगे नाही.

‘मूळ दर्जा’ या शब्दांचा अर्थ आम्ही असा घेतो की एसी-३ असेल तर एसी-३ तसाच मिळावा. हा पर्याय आपल्या यादीत आहे, पण तो निवडला तरी फाइल नव्याने एन्कोड होते. पडताळा साधा आहे. १९२ केबीपीएसने तासाभराचा आवाज ८६.४ एमबी व्हायला हवा. आपल्याकडून ५७.६ एमबीची फाइल येते, म्हणजे बरोबर १२८ केबीपीएस. आधीच दाबलेला आवाज पुन्हा दाबला गेला आहे.

दुसरा दोष संगीताच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. काही डिस्कवर आवाज एलपीसीएम, म्हणजे न दाबलेल्या, स्वरूपात आहे: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ, १,५३६ केबीपीएस. ‘सीडी दर्जा डब्ल्यूएव्ही’ हा पर्याय निवडला की आपले सॉफ्टवेअर सॅम्पल आहेत तसेच लिहिते आणि शीर्षभागात मात्र सीडीचा, सेकंदाला ४४,१०० सॅम्पल हा आकडा टाकते. रीसॅम्पलिंग, म्हणजे सॅम्पलची संख्या नव्या दराला बेतणे, होतच नाही. मूळ एक तासाच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक चॅनेलला १७,२८,००,००० सॅम्पल असतात. आपल्या फाइलमध्येही तेवढेच आहेत. खरे रूपांतर झाले असते तर १५,८७,६०,००० असायला हवे होते. परिणामी ६० मिनिटांची मैफल ६५ मिनिटे १८ सेकंद चालते आणि स्वर जवळपास दीड सेमीटोन खाली जातो. काळी एकमधला गायक पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधोमध, कुठल्याच पट्टीत न बसणाऱ्या जागी ऐकू येतो. मिनिटाला ६० मात्रांची लय ५५ वर येते.

या फाइली विद्यार्थी रियाझासाठी वापरतात. तानपुरा त्यावरून मिळवतात, लय त्यावरून मनात बसवतात. गायकाने कोणत्या पट्टीत गायले आणि बडा ख्याल किती ठाय लयीत धरला, हीच तर या संग्रहाची मोलाची माहिती आहे. ती चुकीची नोंदली गेली तर पुढे कोणाला ती चूक कळणारही नाही, कारण फाइल ऐकायला स्वच्छ आहे. बिघडलेल्या फाइली ऑडॅसिटीत उघडून ट्रॅकच्या मेनूतून रेट ४८,००० केला की दुरुस्त होतात. हे आपल्या सर्व ग्राहकांना कळवणे आपले कर्तव्य आहे असे आम्ही आग्रहाने म्हणतो. संगीत न जाणणाऱ्या माणसाला आपल्या वडिलांचे भाषण थोडे जड, थोडे संथ ऐकू येईल आणि तो ते खरे मानेल.

तिसरा दोष वाचनाचा. डीव्हीडी-आरवर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि उष्णता, प्रकाश यांनी तो खराब होत जातो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वर्षानुवर्षे साध्या कपाटात राहिलेल्या डिस्कना त्याचा फटका बसतो. अशी डिस्क कदाचित एकदाच नीट वाचता येईल हे धरूनच काम करावे लागते. डीव्हीडीवर त्रुटी-दुरुस्ती १६ सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) गटावर होते, म्हणून दुरुस्ती हरली की एकदम ३२ केबी जातात. आमच्या डिस्कच्या प्रवाहाच्या वेगाने हे सेकंदाचा अठरावा भाग होतात आणि ओरखडा असला की असे गट ओळीने जातात. आपले सॉफ्टवेअर हे गट गाळून पुढचा भाग मागच्याला जोडते. त्यामुळे ध्वनिमुद्रण तेवढे आखूड होते आणि समेची जागा सरकते. तबलजीची तिहाई समेवर येत नाही आणि दोष वादकाच्या माथी जातो. एका वादकाच्या कलेवर यंत्राने असा डाग लावणे आम्हाला सहन होत नाही.

योग्य रीत अशी: आधी ड्राइव्हचा वेग चार पटीपर्यंत उतरवावा. त्या वेगाने पूर्ण डिस्क वाचायला १४-१५ मिनिटे लागतात आणि खराब सेक्टर पुष्कळदा हाती लागतात. तरीही न वाचलेल्या जागी तेवढ्याच लांबीची शांतता भरावी आणि सेक्टरचा क्रमांक व वेळ नोंदवहीच्या फाइलमध्ये लिहावी. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ठरवण्याची सोय नाही आणि अशी नोंदही मिळत नाही.

एसी-३ मध्ये आवाजाचा चढउतार आवळण्याचे आकडेही सोबत येतात. आपले सॉफ्टवेअर ते नेहमी लागू करते, त्यामुळे जेथे आकडे भरलेले आहेत तेथे मंद्रातली आलापी आणि तारसप्तकातली तान जवळपास एका पातळीवर येतात. एफएफएमपेगमध्ये डीआरसी स्केल (हे आवळणे किती करायचे ते ठरवणारा आकडा) शून्य केला की हे थांबते. आपणही तसा पर्याय द्यावा.

चित्राबद्दल थोडक्यात. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चालवण्याची सोय काढली, म्हणूनच लोक आपल्यासारख्यांचे प्लेअर विकत घेतात. आपला प्लेअर ७२०×५७६ चे चित्र आहे त्याच मापात दाखवतो. ४:३ साठी ते ७६८×५७६ आणि १६:९ साठी १०२४×५७६ इतके ताणायला हवे. माणसे उगाच सडपातळ दिसतात. डीइंटरलेसिंग, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेले चित्र नीट जुळवण्याची सोय, नसल्यामुळे तबल्यावरची बोटे आडव्या रेघांत फाटलेली दिसतात. व्हीएलसीमध्ये दोन्ही गोष्टी नीट होतात.

आपल्या मदत विभागाची उत्तरे: ड्राइव्ह बदला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, डिस्क मूळ कंपनीकडून बदलून घ्या. आमच्या डिस्कची ‘मूळ कंपनी’ आम्हीच आहोत. ड्राइव्ह बदलून, दुसऱ्या संगणकावर आणि हार्ड डिस्कवर उतरवलेल्या फोल्डरवरही सांध्याचा आणि ४४,१०० चा दोष तसाच येतो, म्हणजे ड्राइव्हचा यात हात नाही. तंत्रज्ञापर्यंत आमचे पत्र पोहोचले असे एकाही उत्तरातून दिसले नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. सांधे, सॅम्पल रेट आणि गाळलेले सेक्टर हे तीन दोष दुरुस्त केलेली आवृत्ती विनाशुल्क द्यावी आणि ती केव्हा मिळेल ते लेखी कळवावे. तोपर्यंत ‘मूळ दर्जा’ हे शब्द विक्रीच्या पानावरून काढावेत. ‘सीडी दर्जा’ पर्याय वापरलेल्या प्रत्येक ग्राहकाला चुकीच्या स्वराची सूचना ईमेलने पाठवावी. दुरुस्ती शक्य नसेल तर परवान्याची पूर्ण रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी. परताव्याऐवजी दुसऱ्या उत्पादनाचे कूपन आम्ही स्वीकारणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचे असते. तसे न झाल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करण्याची मुभा या कायद्यात आहे, त्यामुळे आपले कार्यालय कोणत्याही शहरात असले तरी फरक पडत नाही.

आपल्या तंत्रज्ञांना दोष तपासता यावा म्हणून एका डिस्कच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या व्हीओबीचा सांध्याभोवतीचा भाग, एलपीसीएमचा दोन मिनिटांचा नमुना, आपल्या सॉफ्टवेअरने आणि एफएफएमपेगने काढलेल्या दोन्ही फाइली आणि फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोचे अहवाल पेन ड्राइव्हवर पाठवत आहोत. नमुन्यांचा वापर फक्त तपासणीसाठी करावा. तंत्रज्ञांना आणखी डिस्क पाहायच्या असतील तर मूळ प्रती आम्ही बाहेर पाठवणार नाही, मात्र उतरवून घेतलेले फोल्डर देऊ.

कळावे,

आपले,
दृक्‌श्राव्य संग्रह समितीचे सदस्य
महाल, नागपूर